अडतीस, अठ्ठावन्न, अठ्ठ्याहत्तर : एका प्राध्यापकाचे आजन्म शिक्षण



‘शिक्षण पूर्ण झाले’ हा वाक्प्रयोग आपल्या घराघरांतून फार सहजपणे केला जातो. मुलाचे शिक्षण पूर्ण झाले, आता नोकरी पाहायची. मुलीचे शिक्षण पूर्ण झाले, आता स्थळे पाहायची. आणि पुढे केव्हातरी नोकरीही पूर्ण होते, तेव्हा निवृत्तीवेतनाची कागदपत्रे पाहायची. आयुष्याची अशी तीन खण असलेली पेटी आपण करून ठेवली आहे. पहिल्या खणात शिकायचे, दुसऱ्यात कमवायचे, तिसऱ्यात विसावायचे. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की, साठीनंतर कोणी नवी भाषा शिकू लागला तर घरातली माणसे कौतुकाने हसतात आणि सत्तरीत कोणी नवे सार्वजनिक काम अंगावर घेतले तर काळजीने कपाळाला आठ्या घालतात.

या विभागणीला ज्यांनी आपल्या जगण्याने उत्तर दिले, अशा एका गणिताच्या प्राध्यापकाचे आज स्मरण करायचे आहे. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, कर्वेनगर नावाची मोठी वस्ती आहे. रोज हजारो वाहने त्या रस्त्यावरून जातात. पण नावाचा रस्ता झाला की माणसाची वाट विसरायला होते. म्हणून महर्षी, भारतरत्न या उपाध्या क्षणभर बाजूला ठेवून, रोज वर्गावर जाणारा, रोज पायी चालणारा आणि रोज काहीतरी नवे शिकणारा एक शिक्षक म्हणून त्यांच्याकडे पाहू या.

गावाने दिलेली पहिली शिदोरी

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेले. घरची स्थिती बेताची होती. परंतु त्या लहानशा गावात सोमण गुरुजींसारखे शिक्षक होते आणि त्यांना शाळेच्या भिंतींबाहेरचे जग दिसत होते. गावच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम लहानग्या धोंडूकडे आले. विचार करून पाहा, वाचणारा एक शाळकरी पोर आणि ऐकणारे बापे-म्हातारे! पोराला अक्षर येते, म्हाताऱ्यांना जग ठाऊक आहे. ऐकता ऐकता कोणी शंका काढतो, कोणी जुनी हकिगत सांगतो. कोण कोणाला शिकवतो, हे त्या देवळात सांगता आले नसते. समाजजीवन आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, याचा पहिला धडा अण्णांना कोणत्याही पुस्तकाआधी तेथे मिळाला असला पाहिजे.

दुसरा धडा कडू होता. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यास निघाले. भर पावसाळ्याचे दिवस, शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, आणि सगळा प्रवास पायी. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि वय पुरेसे दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. आल्या पावली परतावे लागले. पुढच्या खेपेस कोल्हापूरहून त्यांनी ती परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक झाले तेव्हा वयाची तेवीस वर्षे उलटली होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1884 साली गणित घेऊन पदवीधर झाले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने हा मुलगा ‘मागे पडलेला’ ठरला असता. पुढे एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या माणसाच्या बाबतीत मागे-पुढे हा हिशेबच निरर्थक ठरला, ही गोष्ट निराळी!

समाजाने दाराबाहेर ठेवले तेव्हा

1891 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी बोलावल्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्याने गणिताची जागा रिकामी झाली होती. त्याच वर्षी अण्णांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुनर्विवाहाचा प्रश्न आला तेव्हा विधुराने कुमारिकेशी लग्न करावे ही जनरीत होती. अण्णांनी 1893 साली मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

या विवाहाचा परिणाम काय झाला? ज्या मुरूडच्या देवळात त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवले, ज्या गावासाठी मुंबईत असताना मुरूड फंड उभारला, त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मातोश्री व बंधू यांनाही त्याची झळ पोहोचली. स्वतःच्या घरी मुलाला मोकळेपणाने उतरवून घेता येऊ नये, हे त्या माऊलीचे दुःख किती असेल!

या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. समाजजीवनाविषयी गोड बोलणे सोपे असते. पण समाज चुकतो, रागावतो, आपल्यातल्याच माणसाला दाराबाहेर उभे करतो. अशा वेळी कार्यकर्त्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, मान खाली घालून माघार घ्यायची. दुसरा, समाजाला शिव्याशाप देत आपल्यापुरते नवे जग थाटायचे. अण्णांनी दोन्ही मार्ग पत्करले नाहीत. केलेल्या कृतीपासून ते तसूभर हलले नाहीत आणि समाजाशी असलेले नातेही त्यांनी तोडले नाही. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी हे सारे लिहिले आहे, परंतु त्या लिहिण्याचा सूर दोषारोपाचा नाही. गणिताचा शिक्षक चुकलेल्या उत्तरावर चिडत बसत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते शोधतो. लोक दुष्ट आहेत म्हणून विरोध करत नाहीत, वर्षानुवर्षांच्या समजुतीमुळे करतात. मग समजूत बदलण्याचा उपाय शोधायला हवा, अशी ही विचारपद्धती होती.

तिचे एक बोलके उदाहरण पाहा. विवाहाच्या वर्षीच अण्णांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. दोन वर्षांनी, 1895 मध्ये, तिचे नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे करण्यात आले. नाव लांबले, उच्चारायला अवघड झाले. पण विचार स्वच्छ झाला. कोणाला लग्नासाठी उत्तेजन देणे हे आपले काम नव्हे. जिला करायचे आहे तिच्या वाटेतील अडथळा दूर करणे, एवढेच आपले काम. दोन वर्षांच्या अनुभवाने संस्थेची पाटी बदलण्याइतका मोकळेपणा किती संस्थाचालकांकडे असतो?

वीस वर्षांचे गणित

अण्णांच्या चरित्रातील काही सनावळी शेजारी शेजारी मांडल्या की एक विलक्षण ओळ दिसते. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. तेव्हा वय अडतीस. 1916 साली महिला विद्यापीठ सुरू केले, वय अठ्ठावन्न. 1936 साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, वय अठ्ठ्याहत्तर. आणि 1944 साली समता संघ स्थापन केला, तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते.

हा केवळ उत्साहाचा आलेख म्हणून पाहिला तर त्यातले मर्म निसटेल. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर कळलेल्या उणिवेतून निघाली आहे.

विधवाविवाहाचे कार्य करताना अण्णांच्या ध्यानात आले की, लग्न लागणाऱ्या विधवा मूठभर आणि न लागणाऱ्या हजारो. त्यांचे काय? त्यांना स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण हवे. म्हणून आश्रम निघाला. पालकांना आपल्या विधवा मुली तेथे निर्धास्तपणे पाठवता याव्यात यासाठी आश्रमाचे काम विवाहाच्या चळवळीपासून त्यांनी कटाक्षाने अलग ठेवले. कडव्या सुधारकांना हे रुचले नाही आणि सनातन्यांचा संशयही फिटला नाही. तरी मुली येत राहिल्या.

आश्रम चालवताना कळले की, केवळ विधवांच्याच नव्हे, सर्वच मुलींच्या शिक्षणाची सोय झाल्याशिवाय समाजाची दृष्टी बदलणार नाही. म्हणून 1907 साली महिला विद्यालय आले. कार्याला पगारी नोकरांपेक्षा व्रतस्थ सेवक हवेत हे उमगले, म्हणून 1908 साली निष्काम कर्ममठाची कल्पना आली. पुढे जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली. पहिल्यांदा त्यांनी ती चाळून बाजूला ठेवली होती. 1915 च्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका त्यांनी पुन्हा वाचली, आणि या वेळी तिने त्यांना झपाटून टाकले. परिषदेत योजना मांडली आणि पुढच्याच वर्षी अवघ्या पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे हे पहिल्या दिवसापासूनचे सूत्र. सरकारमान्यता नव्हती, पैसा नव्हता. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. आज ‘एसएनडीटी’ ही अक्षरे उच्चारणाऱ्या किती विद्यार्थिनींना हा पाच मुलींचा प्रारंभ ठाऊक असेल?

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हिंगण्याचा आश्रम आरंभी ब्राह्मण विधवांपुरता होता. त्या काळाच्या अडचणी, पालकांची भीती, अशी कारणे त्याला देता येतील. पण मर्यादा ती मर्यादाच. अण्णांच्या आयुष्याचे मोठेपण असे की, उत्तरायुष्यात ते त्या मर्यादेच्या पलीकडे चालत गेले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा पोहोचलेली नाही तेथील मुलांसाठी त्यांनी ग्राम शिक्षण मंडळ काढले आणि वयाच्या ऐंशीच्या घरात पुण्यात दारोदार फिरून त्यासाठी लहान लहान वर्गण्या गोळा केल्या. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढून जाती-जातींतील उच्चनीच भाव नाहीसा करण्याचा विचार ‘मानवी समता’ या मासिकातून मांडू लागले. वयाबरोबर माणसाचे वर्तुळ लहान होत जाते, असा आपला अनुभव असतो. प्रथम कचेरी सुटते, मग प्रवास, मग गल्लीचे टोक, आणि शेवटी आपली खोली. अण्णांचे वर्तुळ मात्र उलट दिशेने वाढत गेले. घर, आश्रम, प्रांत, खेडी आणि अखेरीस मनुष्यमात्र. आपला हिंदू समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या वाढत्या वर्तुळाचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा.

हिंगण्याची वाट

मोठ्या सनावळींच्या मधल्या जागेत रोजचे आयुष्य असते आणि खरे शिक्षण तेथेच घडते. प्लेगच्या दिवसांत, 1900 साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेण्यात आला. तेथे एक झोपडी उभी राहिली; ती आजही जतन करून ठेवली आहे. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणाऱ्या वस्तू घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर व्हायचे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की पाय उचलता उचलत नाही. या वाटेवर ना हारतुरे होते, ना टाळ्या. कार्यकर्त्याची परीक्षा सभेत होत नाही, अशा वाटेवर होते.

आणि या वाटेचे मोल घरच्यांनीही मोजले, हे विसरता कामा नये. अण्णांनी आपली बचत आणि आयुष्याचा विमासुद्धा आश्रमाच्या नावे केला. संसार चालवायचा कसा, हा प्रश्न बायांच्या पदरात पडला. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी ही ओढाताण कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. महर्षींच्या पत्नीला महर्षींशी भांडावेही लागले. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतून आजही अशा बाया आहेत, ज्यांच्या मुकाट सोसण्यावर संस्था उभ्या असतात. अण्णांचा गौरव करताना त्यांना नमस्कार राहून जाऊ नये.

पण बाया केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. लग्नानंतर त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची कथा तर आणखी चकित करणारी आहे. वैधव्य आलेले, पदरात मुलगा; वयाच्या पंचविशीनंतर शिक्षणाचा श्रीगणेशा. त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. गावोगाव फिरून त्यांनी आश्रमासाठी निधी जमवला. आपल्याला इंग्रजी येत नाही ही उणीव त्यांना खुपत होती. तेव्हा 1918 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी भाषा शिकून घेतली. ‘माझी कहाणी’ या 1928 सालच्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. ज्या बाईला समाजाने एका अंधाऱ्या कोपऱ्यात बसायला सांगितले होते, ती समुद्र ओलांडून शिकायला गेली! शिक्षकाच्या सहवासात आजूबाजूची माणसे शिकू लागतात तेव्हाच त्याचे शिकवणे सार्थकी लागते.

स्वतः अण्णाही 1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, परदेशी निघाले. युरोपातील शिक्षण परिषदांना ते हजर राहिले, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे भारतीय स्त्रीशिक्षणाविषयी बोलले, बर्लिनला आइनस्टाईन यांना भेटले. अमेरिका, जपान पाहून आले. ज्या जपानी विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांना प्रेरणा दिली, त्या देशात ते वयाची सत्तरी उलटल्यावर विद्यार्थ्याच्या कुतूहलाने हिंडले. त्यानंतर आफ्रिकेतील भारतीयांमध्ये फिरून त्यांनी विद्यापीठासाठी पैसा जमवला.

आपल्या घरी, आपल्या गल्लीत

आता प्रश्न आपला आहे. अण्णांच्या काळी आयुष्य तुटपुंजे होते. ते शंभरी ओलांडून गेले हा अपवाद. आज निवृत्त झालेल्या गृहस्थापुढे सहज वीस वर्षे पडलेली असतात. अण्णांच्या हिशेबाने वीस वर्षे म्हणजे एक पूर्ण संस्था उभी करण्याचा काळ! तो काळ दूरदर्शन संचासमोर आणि भ्रमणध्वनीवर आलेले संदेश पुढे ढकलण्यात गेला, तर तोटा एकट्या त्या व्यक्तीचा होत नाही. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचा व्यवहार, शिक्षिकेची हातोटी, कारखान्यातल्या कुशल कामगाराचे हात, आजीच्या ओव्या आणि औषधी, हे सारे समाजाचे धन आहे. ते वापराविना पडून राहते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रौढशिक्षण आणि आजीवन शिक्षण यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी 2022 ते 2027 या कालावधीचा ‘उल्लास’ हा कार्यक्रम आखला गेला, तोही स्वयंसेवकांच्या बळावर. योजना सरकार आखू शकते. संध्याकाळी अर्धा तास काढून समोर बसणारा माणूस सरकार कोठून आणणार? तो आपल्यातूनच यायचा.

यासाठी हिंगण्याला आश्रम काढण्याची गरज नाही. अण्णांच्या उदाहरणातून रोजच्या आयुष्यात आणता येतील अशा तीन साध्या गोष्टी निघतात. पहिली, दर काही वर्षांनी आपल्याला न येणारी एक गोष्ट विद्यार्थी होऊन शिकावी. आणि शिकवणारा वयाने लहान असेल तर अधिकच उत्तम, कारण त्याने अहंकाराची धार बोथट होते. नातवाकडून संगणक शिकणारा आजोबा नातवाला जे देतो, ते खाऊपेक्षा टिकाऊ असते. दुसरी, आपल्याला येणारी एक गोष्ट आपल्या घराबाहेरच्या, शक्यतो आपल्या जातीपातीच्या आणि ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्या कोणालातरी नेमाने द्यावी. घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलगी दहावीला असेल आणि तिचे गणित कच्चे असेल, तर आपले हिंगणे आपल्या ओट्यापाशीच आहे. तिसरी, आणि सर्वांत अवघड, आपण करत असलेल्या कामाकडे अधूनमधून परीक्षकाच्या नजरेने पाहावे. पंचवीस वर्षे एकाच पद्धतीने चाललेला उपक्रम हा अभिमानाचा विषय असतो तसा तपासणीचाही असतो. संस्थेचे नाव बदलण्याचे धैर्य असलेल्या माणसाचे आपण वारस आहोत.

यात अपयश येईल. लोक टीका करतील. ज्यांच्यासाठी करायचे तेच पाठ फिरवतील. मुरूडचे देऊळ अशा वेळी आठवावे. ज्या समाजाने 1893 साली बहिष्कार घातला, त्याच समाजाने 18 एप्रिल 1958 रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत अण्णांची शताब्दी साजरी केली. त्याच वर्षी त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले आणि हयात असतानाच त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. समाजही शिकत असतो. त्याचा वर्ग मात्र मोठा असतो आणि तास फार लांब चालतो. अण्णांच्या बाबतीत तो पासष्ट वर्षे चालला. तेवढा वेळ फळ्यापाशी खडू घेऊन, न रागावता उभा राहणारा शिक्षक त्याला मिळावा लागतो.

9 नोव्हेंबर 1962 रोजी अण्णा गेले. त्यांनी उभारलेल्या संस्थांमधून आजही मुली शिकून बाहेर पडत आहेत. त्यांच्यासाठी आणखी एक स्मारक उभारण्याची आवश्यकता नाही. आज येथून घरी जाताना प्रत्येकाने आपल्या चालू वयात वीस मिळवावेत आणि येणाऱ्या आकड्यापर्यंत कोणाला काय शिकवायचे व स्वतः काय शिकायचे, याचा विचार करावा. बेरीज सोपी आहे; उत्तर मात्र ज्याचे त्याने लिहायचे आहे.